एचएसटीची पट्टी, टेप आणि कागद: आपल्या कापडावर काय चालतं, काय नाही

दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन, म्हणजेच हाफ स्क्वेअर ट्रँगल किंवा एचएसटी, हा क्विल्टमधला सगळ्यात सोपा तुकडा म्हणून शिकवतात. सगळ्यात जास्त वाकडा होतो तोही हाच, कारण त्याची तिरकी बाजू उरेब (धाग्यांना तिरकी कापलेली) असते आणि उरेब कापड हात लावला तरी ताणलं जातं. त्यामुळे या कामासाठी विकली जाणारी साधनं एकाच कसोटीवर बघायची: उरेब कडेला ती किती कमी छेडतात? आणि ती आपल्याकडच्या कापडावर चालतात का? यातली बहुतेक साधनं जाडसर क्विल्टिंग कॉटन डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत. बाजारात मिळणारं पॉपलिन, मालेगावच्या मागावरचं सुती किंवा आईच्या जुन्या मऊ साड्या त्यात धरलेल्या नाहीत.

आधी पद्धत. उरेब कड कापण्याआधी शिवायची, हे सूत्र. दोन चौकोन सुलट बाजू आतून एकमेकांवर ठेवा, कर्णरेषा आखा, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर, म्हणजे दोन सुतांवर, टीप मारा आणि मग रेषेवर कापा. शिवून तयार तुकडा ३ इंचांचा हवा असेल तर चौकोन ३ इंच ७ सुतांचा लागतो. गणिताने हे ७ सूत म्हणजे ०.८५४ इंच, पट्टीवर सोयीचं पडावं म्हणून वर ढकललेलं माप. प्रत्यक्षात सरळ ४ इंच घ्या आणि शेवटी साडेतीनवर छाटा. सुताची काटकसर इथे परवडत नाही. प्रत्येक तुकडा अर्धा सूत कमी भरला, तर ८ तुकड्यांच्या ओळीत अर्धा इंच जातो आणि शेजारची ओळ जुळत नाही.

तुकडे खूप असतील तर एकदम आठ करा. ८ इंचांचे दोन चौकोन, दोन्ही कर्ण, चार टिपा. मग कापड जागेवरून न हलवता आधी ४ इंचांवर उभं आणि आडवं कापायचं, कर्ण शेवटी. आधी कर्ण कापले की तुकडे सरकतात आणि मधला काप चुकतो. ३६ बाय ४८ इंचांच्या बाळाच्या गोधडीला ३ इंचांचे १९२ तुकडे लागतात, म्हणजे दोन्ही रंगांचे २४-२४ चौकोन. ४४ पन्ह्याच्या कापडात एका पट्टीत पाच बसतात. धुऊन आटणं धरून प्रत्येक रंगाचं सव्वा मीटर घ्या. ३६ पन्हा असेल तर दीड.

चार बाजूंनी शिवून दोन्ही कर्ण कापायची झटपट पद्धत व्हिडिओंत भारी दिसते. पण तिच्यात तयार तुकड्याच्या चारही बाहेरच्या कडा उरेब निघतात. साडीच्या कापडावर तर ती करूच नका.

आता साधनं. सर्वाधिक उपयोगी ठरते ती साडेसहा इंचांची साधी चौकोनी अॅक्रिलिक पट्टी, ४५ अंशांची रेषा असलेली. रेषा शिवणीवर ठेवून दोन बाजू छाटा, तुकडा अर्धा फिरवा, उरलेल्या दोन छाटा. १९२ तुकड्यांना ७६८ काप होतात, कंटाळा येतो, पण माप चुकत नाही.

ब्लॉक लॉकसारख्या खाचेच्या पट्टीत खालून तिरकी खाच असते. शिवणीचा उंचवटा तिच्यात अडकतो आणि पट्टी घसरत नाही. काप तेवढेच, पण दर वेळी रेषा जुळवायचा वेळ वाचतो. अट एकच: माया (शिवणीबाहेरचं कापड) एका बाजूला दाबलेली हवी. उघडून दोन्हीकडे पसरली तर खाचेला धरायला काही उरत नाही. मलमलीवर उंचवटाच बारीक, त्यामुळे पकड सैल पडते. तिथे जास्तीचे पैसे वाया. महिन्याला दोन-तीन गोधड्या होत असतील आणि कापड पॉपलिनइतकं घट्ट असेल, तरच घ्या.

क्लिअरली परफेक्ट स्लॉटेड ट्रिमर ही त्रिकोणी पट्टी तुकडा उघडण्याआधीच छाटते. पट्टीवरची मापाची रेषा टिपेवर ठेवायची (कापलेल्या कडेवर नव्हे, गफलत इथेच होते) आणि फक्त दोन बाजू कापायच्या. काप निम्मे, ३८४. कोपऱ्यांतली टोकंही तेव्हाच जातात. टीप दिसावी म्हणून वरचा दोरा कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा घाला. मात्र इस्त्री नंतर होते आणि तिच्यात तुकडा ताणला तर तो सुधारायला पुढची पायरीच नाही. इस्त्रीचा हात स्थिर असेल त्यांनाच ही चांगली.

कर्णरेषा न आखता टीप सरळ पडावी म्हणून मशीनच्या पाटीवर चिकटवायची टेप छान आहे, पण स्टेशनरीच्या दुकानातला मास्किंग टेप तेच काम करतो. सुईच्या रेषेत एक कड आणि दोन सूत अंतरावर दुसरी. पायमशीनचा फूट (कापड दाबणारा भाग) पाव इंचाचा असेलच असं धरू नका. आलेख कागदावर सुई टोचून मोजा आणि टीप केसभर आत घ्या, कारण घडीत एक-दोन धागे जातात.

मऊ साडीसाठी खरी मदत कागदाची: रेषा आखलेला कागद कापडावर ठेवून त्यातूनच टीप मारायची, नंतर तो फाडायचा. ३ इंच ७ सुतांची घरं दोन बाय दोन आखली की पावणेआठ इंच होतात, ए-फोरवर जेमतेम बसतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि एखादं घर पट्टीने तपासा. टाका दीड मिलिमीटरचा, म्हणजे कागद फाडताना टीप उसवत नाही. सुई मात्र लवकर बोथट होते. येवल्याच्या पैठणीच्या काठांचे उरलेले तुकडे वापरायचे तर कागदाआधी मागून हलकं फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, नाहीतर रेशीम सुटत जातं.

अॅक्रिलिकची पट्टी स्थानिक साइनबोर्डवाल्याकडून लेझरवर कापून घेता येते. जाडी ३ मिलिमीटर, आणि रेषा खालच्या पृष्ठावर उलट्या कोरायला सांगा. वर कोरल्या तर डोळा हलला की माप हलतं. घेताना कोपरा गुण्याने तपासा.

रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) ४५ मिलिमीटरचा पुरतो. पातं दर काही इंचांवर एखादा धागा सोडू लागलं की बदला. जोर लावून पट्टीच सरकते. कापताना खाली ठेवायची मॅट एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका, वाकते.

या सगळ्याआधी खळ. साबुदाण्याची पातळ खळ कापून घेण्यापूर्वी अख्ख्या कापडाला द्या आणि कोरडी इस्त्री करा. तुकडा शिवल्यावर आधी बंद स्थितीत टीप दाबा, मग गडद रंगाकडे उघडा. इस्त्री उचलून ठेवायची, फिरवायची नाही. वाफ तर नाहीच. गोधडी पूर्ण झाली की खळ धुऊन टाका, नाहीतर पावसाळ्यात कपाटात झुरळं तिच्यावर बसतात.