विना पैसे, विना चार्ज, विना पाणी : ऑटोडॉक विनाचा सहा वर्षांचा अनुभव

एम.फार्मच्या सबमिशनचा सीझन आला की माझ्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "ताई, स्कोर मायनस ९.२ आलाय आणि स्टँडर्ड औषधाचा मायनस ८.७ आहे, म्हणजे आपला मॉलिक्यूल भारी ना?" आता मी पडले कॉम्प्युटेशनल केमिस्ट, दोन मॉलिक्यूल एकमेकांना का चिकटतात आणि किती घट्ट चिकटतात हे कॉम्प्युटरवर बघत बसणं हाच माझा धंदा, आणि ज्या सॉफ्टवेअरमधून तो ९.२ बाहेर पडतो त्या ऑटोडॉक विनाशी माझा सहा वर्षांचा संसार झालाय. म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकावं, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

आधी कौतुक करते कारण ते खरंच आहे. फुकट आहे. म्हणजे ट्रायलवालं फुकट नाही, अपाचे लायसन्स, कॉलेजात वापरा, कंपनीत वापरा, कोणी विचारत नाही. कॅलिफोर्नियात ला होयाला स्क्रिप्स म्हणून मोठी रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तिथे ओलेग ट्रॉट आणि आर्थर ओल्सन यांनी हे बनवलं, पेपर २०१० चा. त्याआधी ऑटोडॉक ४ होतं, त्याच्यापेक्षा हे जवळजवळ शंभरपट फास्ट, आणि त्यांच्याच टेस्टमध्ये जुन्याने ४९ टक्के वेळा औषध बरोबर जागी बसवलं तर विनाने ७८ टक्के वेळा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मध्यम साईजचा लिगँड, म्हणजे प्रोटीनला चिकटवून बघायचा रेणू, चहा उकळून गाळून होईपर्यंत डॉक होतो, म्हणजे प्रोटीनमध्ये बसवून होतो. लाखो रुपयांचं लायसन्स परवडत नाही अशा आपल्याकडच्या कॉलेजांसाठी ही गोष्ट छोटी नाहीये.

काम काय करतं? प्रोटीनला एक खळगा असतो, पॉकेट म्हणतात, त्याच्याभोवती तुम्ही एक चौकोनी बॉक्स आखायचा, मग विना तुमचा रेणू त्या बॉक्सात फिरवून, वळवून, त्याचे हातपाय हलवून बघतं आणि जिथे चांगला बसतो अशा नऊ पोझ काढून देतं, प्रत्येकीला किलोकॅलरी पर मोलमध्ये एक आकडा. जेवढा जास्त मायनस तेवढं घट्ट. बस.

बॉक्सवरनं आठवलं. पहिल्या वर्षी मी एक अख्खी रात्र चारशे लिगँड डॉक केले, सकाळी स्कोर बघितले तर सगळेच मरतुकडे, मायनस ४, मायनस ४.५. पायमॉलमध्ये, म्हणजे रेणू थ्रीडीत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघते तर काय, चारशेच्या चारशे प्रोटीनच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेले, पॉकेट रिकामं! बॉक्सच्या सेंटरचा वाय मायनस होता, मी मायनस टाईप करायला विसरले होते. विनाने तक्रार केली नाही, एरर नाही, वॉर्निंग नाही. का करेल, त्याला सांगितलं तिथे त्याने शोधलं. तेव्हापासून पोझ डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आकड्याकडे वळतच नाही.

आता नावाची गंमत. मराठी माणसाला हे नाव ऐकलं की जे वाटतं ना, विना म्हणजे शिवाय, ते अगदी खरं आहे. विना पैसे तर झालंच. दुसरं, विना चार्ज. विनाला द्यायला तुम्ही जी पीडीबीक्यूटी फाईल बनवता त्यातला क्यू म्हणजे चार्ज, ॲटमवरचा विद्युतभार, प्रत्येक ॲटमसमोर लिहिलेला, पोरं त्यासाठी अर्धा दिवस घालवतात, आणि विनाचं स्वतःचं स्कोरिंग तो कॉलम बघतसुद्धा नाही! त्याचा हिशोब वेगळा आहे : ॲटम जवळ आले की थोडे मार्क, फार घुसले की दंड, तेलकट भाग तेलकट भागाला लागला की मार्क, हायड्रोजन बाँड जमला की मार्क, आणि शेवटी रेणूला फिरणारे सांधे जास्त असतील तर थोडी कपात. हायड्रोजन बाँडसुद्धा फक्त अंतरावर. खरा हायड्रोजन बाँड फार मानी असतो, देणारा, हायड्रोजन आणि घेणारा जवळपास सरळ रेषेत लागतात, कोन बिघडला की जोर गेला. विनाला कोनाशी देणंघेणं नाही, अंतर बसलं ना, घे मार्क. म्हणून विनाच्या यादीत पहिल्या आलेल्या पोझमधला हायड्रोजन बाँड मी आधी सगळ्या बाजूंनी फिरवून बघते, कधीकधी इतका वाकडा असतो की हसू येतं.

तिसरं, विना पाणी. तयारी करताना सगळे पहिलं काम करतात ते क्रिस्टलमधलं, म्हणजे प्रोटीनच्या स्फटिकावरून काढलेल्या स्ट्रक्चरमधलं, पाणी उडवायचं. बहुतेक वेळा चालतं. पण एचआयव्हीच्या प्रोटीएझ नावाच्या प्रोटीनमध्ये बघा, औषध आणि प्रोटीनच्या वरच्या दोन झडपा यांच्यामध्ये एकच पाण्याचा रेणू बसलेला असतो, दोन्हीकडे हात धरून, आणि तो इतका महत्त्वाचा की केमिस्ट लोकांनी मुद्दाम त्याचीच जागा घेणारे रेणू डिझाईन केले होते. तो तुम्ही डिलीट केला की सगळं चित्रच बदललं. २०२१ मध्ये १.२ व्हर्जन आलं त्यात पाण्यासकट डॉकिंगची सोय आहे, पण ती चालते जुन्या ऑटोडॉक ४ च्या स्कोरिंगवर, म्हणजे सासूबाईंकडूनच उसनं.

शिकायला सगळ्यात छान म्हणजे त्यांचंच ट्युटोरियल, १आयईपी नावाचं स्ट्रक्चर, एबल कायनेझ नावाच्या प्रोटीनमध्ये इमॅटिनिब बसलेलं. हे तेच ब्लड कॅन्सरचं औषध, २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं. इमॅटिनिब बाहेर काढायचं, विनाला परत बसवायला सांगायचं, आणि ते मूळ पोझवर असं अलगद येऊन बसतं की पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. पायमॉलमध्ये झूम करा, ३१५ नंबरचं थ्रिओनिन नावाचं अमिनो ॲसिड दिसेल, त्याच्या ओएचला इमॅटिनिबचा एक हायड्रोजन बाँड आहे. काही पेशंटमध्ये तिथे म्युटेशन होऊन आयसोल्युसिन येतं, ओएच गायब, वर जागेत अडचण, आणि एवढं जबरदस्त औषध त्या पेशंटवर चालत नाही. एका बाँडवर आणि जराशा जागेवर माणसाचं नशीब. मी हे पोरांना दाखवते तेव्हा कोणी मोबाईल बघत नाही.

पण आता तेच इमॅटिनिब त्याच प्रोटीनच्या दुसऱ्या स्ट्रक्चरमध्ये डॉक करून बघा, जिथे दासाटिनिब हे दुसरं औषध बसलंय. तिथे प्रोटीन चालू अवस्थेत आहे, इमॅटिनिबला लागणारा आतला कप्पा बंद. विना प्रोटीनला दगड समजतं, काही साईडचेन, म्हणजे प्रोटीनच्या बाजूच्या फांद्या, हलवायची सोय आहे पण साखळीचा अख्खा वळसा, लूप, काही सरकत नाही. चावी खरी, कुलूप खरं, पण दार आतून लावलेलं. हे न कळता कितीतरी चांगले रेणू पोरांनी फेकून दिले असतील.

आणि तो ९.२ विरुद्ध ८.७! मूळ पेपरातच विनाची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज साधारण किती चुकतो तो आकडा, २.८५ किलोकॅलरी दिलीये. रूम टेंपरेचरला साधारण १.४ किलोकॅलरी म्हणजे बाइंडिंगमध्ये दहापट फरक, म्हणजे ही चूक शंभरपटीच्या वर जाते, आणि आपण अर्ध्या किलोकॅलरीवर पेढे वाटतोय. शिवाय रेणू मोठा केला की स्कोर आपोआप वाढतो, चिकटायला ॲटमच जास्त. २०२० मध्ये आठवतंय ना, कोरोना व्हायरसच्या एका प्रोटीनचं ६एलयू७ नावाचं स्ट्रक्चर आलं आणि घरोघरी डॉकिंग सुरू झालं, हळद, तुळस, गुळवेल, अख्खा काढा विनामध्ये ओतला लोकांनी. त्या स्ट्रक्चरमधला मूळ इनहिबिटर, प्रोटीनचं काम अडवणारा रेणू, सिस्टीन या अमिनो ॲसिडला कोव्हॅलंट बाँडने, म्हणजे कायमचा जोडलेला आहे, साधं विना असा बाँड बनवूच शकत नाही, पण तुलना त्याच्याशीच! हळदीतलं कर्क्युमिन तर इतक्या प्रोटीनना चिकटलेलं दिसतं की त्याचा स्कोर ऐकला की मी विषय बदलते.

अजून एक, हे व्हायवात हमखास पकडलं जातं. आउटपुटमध्ये आरएमएसडीचे, म्हणजे एक पोझ दुसरीपासून किती सरकलीये त्या अंतराचे, दोन कॉलम असतात, पहिल्या पोझसमोर शून्य आणि शून्य. ते क्रिस्टलशी नाही, विनाच्याच पहिल्या पोझशी मोजलेलं अंतर आहे, त्यामुळे पहिल्याला शून्य येणारच, बाळ स्वतःसारखंच दिसतं. क्रिस्टलशी वेगळं मोजावं लागतं, २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर ठीक. आणि रीडॉकिंग, म्हणजे मूळ लिगँड काढून परत बसवून बघणं, याबद्दल एका थीसिसमध्ये मी स्वतः वाचलंय, "रीडॉकिंगमध्ये आरएमएसडी ०.००० मिळाला, यावरून पद्धतीची अचूकता सिद्ध होते."

माझं सेटिंग विचाराल तर एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे विनाने किती कसून शोधायचं तो आकडा, ८ वर सोडू नका, ३२ करा, वेळ जास्त लागेल, आणि वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे शोध सुरू करायच्या रँडम आकड्यांवर, चालवून उत्तर तेच येतंय का बघा. दहा हजार रेणूंमधून पन्नास निवडायचे असतील तर विना बिनधास्त वापरा, पोझ समजून घ्यायला तर उत्तमच. दोन जवळच्या रेणूंत श्रेष्ठ कोण हे ठरवायला मात्र नाही, त्यासाठी पुढे मॉलिक्युलर डायनॅमिक्स, फ्री एनर्जी वगैरे मोठी कामं आहेत, आणि त्याहून पुढे टेस्ट ट्यूब.

पाचपैकी चार स्टार. एक पाण्यासाठी कापला.

काल परत मेसेज आला, मायनस १०.१. मी विचारलं, मूळ लिगँड आधी परत डॉक करून बघितलास का गं, आणि पोझ उघडून बघितलीस का? ब्लू टिक आलीये. उत्तर अजून नाही.