लक्स-२ आणि क्रिप्टसेटअप : पासवर्ड विसरल्यानंतरचे परीक्षण

लिनक्सवर संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्यासाठी, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी करण्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या लक्स या पद्धतीविषयी लिहिताना बहुतेक जण तिच्या वेगाचा किंवा सुरक्षिततेचा विचार करतात. मला मात्र तिची वेगळीच बाजू जवळून पाहावी लागली, ती म्हणजे मालकालाच पासवर्ड आठवत नसेल तर ही व्यवस्था त्याच्याशी कशी वागते. माझा लॅपटॉप सहा आठवडे बंद होता आणि तो बंद करण्याच्या आदल्याच दिवशी मी पासवर्ड बदलला होता. पुन्हा कामाला बसले तेव्हा पासवर्डातील चारही शब्द आठवत होते, परंतु त्यांचा क्रम, त्यांतील मोठी-लहान अक्षरे, मधले चिन्ह आणि शेवटचे दोन आकडे काही केल्या आठवेनात. आतमध्ये चार महिन्यांचे लेखन होते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

लक्सची रचना समजून घेतल्याशिवाय येथे एकही पाऊल टाकू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. आपला पासवर्ड डिस्कवरील माहितीला थेट कुलूप लावत नाही. माहिती एका यादृच्छिक मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असते, ती किल्ली डिस्कच्या आरंभी असलेल्या हेडरमध्ये बंदिस्त असते, आणि आपला पासवर्ड फक्त त्या किल्लीचे वेष्टण उघडतो. अशी वेष्टणे ठेवण्यासाठी जुन्या लक्स-१ मध्ये ८ आणि नव्या लक्स-२ मध्ये ३२ पर्यंत की-स्लॉट, म्हणजे कप्पे, असतात, म्हणजे एकाच डिस्कला अनेक स्वतंत्र पासवर्ड देता येतात. लिनक्स बसवणाऱ्या इन्स्टॉलरने त्यांपैकी एकच भरला होता आणि दुसरा भरण्याची सूचनाही केली नव्हती. या व्यवस्थेतील माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे, कारण ज्या क्षणी वापरकर्ता पहिला पासवर्ड टाइप करतो, त्याच क्षणी दुसऱ्या किल्लीचा प्रश्न विचारणे सहज शक्य असते.

मागचा दरवाजा नाही, आणि तो नसावा हे मला मान्य आहे. पासवर्डापासून वेष्टण उघडणारी किल्ली घडवण्यासाठी लक्स-२ आर्गॉन-२ ही पद्धत वापरते, जिने २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकली होती. तिच्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला भरपूर मेमरी लागते आणि वेळही जाणीवपूर्वक वाढवलेला असतो. लक्सच्या डिस्क तयार करणारे आणि उघडणारे साधन, म्हणजे क्रिप्टसेटअप, हा वेळ मूळ संगणकावर साधारण दोन सेकंदांच्या हिशेबाने ठरवतो. याचा अर्थ असा की त्याच लॅपटॉपवर दिवसाला सुमारे ४३,२०० प्रयत्न होतात. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा पूर्णपणे यादृच्छिक पासवर्ड घेतला, तर शक्यता २०,८८२ कोटींच्या घरात जातात आणि या वेगाने त्या सर्व तपासायला तेरा हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणून ज्याला काहीच आठवत नाही त्याच्यासाठी रस्ता नाही. ज्याला बरेचसे आठवते, त्याच्यासाठी मात्र तो आहे.

सर्वप्रथम कीबोर्डची मांडणी तपासावी. लॅपटॉप सुरू होताना पासवर्ड विचारला जातो तेव्हा डेस्कटॉप अजून आलेला नसतो आणि तेथे अनेकदा अमेरिकी मांडणी लागू असते. पासवर्ड ठरवताना जर दुसरी मांडणी चालू असेल, तर बोटे बरोबर चालूनही चिन्हे वेगळी उमटतात. जर्मन मांडणीत तर वाय आणि झेड यांच्या जागाच बदललेल्या असतात. पडद्यावर अक्षरे दिसत नसल्यामुळे ही चूक लक्षात येत नाही आणि माणूस विनाकारण स्वतःच्या स्मृतीला दोष देत बसतो. माझ्या बाबतीत अडचण ही नव्हती, तरी हा तपास पाच मिनिटांचा आहे आणि त्यावाचून पुढे जाणे शहाणपणाचे नाही.

त्यानंतर मी माहिती परत मिळवून देणाऱ्या एका सेवेकडे चौकशी केली. आगाऊ पैसे दिल्यास तीन दिवसांत डिस्क ‘तोडून’ देण्याचे आश्वासन मिळाले, पण मला पासवर्डातले काय आठवते, हे एकदाही विचारले गेले नाही. वरचा हिशेब माहीत असलेली कोणतीही प्रामाणिक सेवा तोच प्रश्न आधी विचारील. शिवाय प्रयत्न करण्यासाठी संपूर्ण डिस्क लागतच नाही, हेडरची प्रत पुरते. त्या प्रतीत आपली माहिती नसते, त्यामुळे डिस्क आपल्यापाशीच ठेवता येते. मी तेथून लॅपटॉप परत आणला.

क्रिप्टसेटअपची खरी गुणवत्ता यानंतर दिसली. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरील लिनक्सवरून, लॅपटॉप सुरू करून मी आधी हेडरची प्रत काढली, कारण हेडर बिघडले तर बरोबर पासवर्डही निरुपयोगी ठरतो. डिस्क न उघडता केवळ पासवर्ड जुळतो का एवढेच पाहण्याचा पर्याय या साधनात आहे आणि तो छोट्या स्क्रिप्टमधून चालवता येतो. चार शब्दांचे २४ क्रम, प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे किंवा लहान असे १६ प्रकार, मध्ये जागा, आडवी रेघ किंवा काहीच नाही असे तीन पर्याय आणि शेवटी दोन आकड्यांचे १०० पर्याय, असे मिळून १,१५,२०० पासवर्ड झाले. म्हणजे जास्तीत जास्त ६४ तास. अधिक संभवनीय वाटणारे पर्याय मी यादीत वर ठेवले आणि एकोणिसाव्या तासाला पासवर्ड जुळून यादी थांबली. शब्दांचा जो क्रम मला सर्वांत खात्रीचा वाटत होता, तोच चुकीचा निघाला.

ज्याचा लॅपटॉप अजून चालू आणि उघडा आहे, त्याने तो बंद न करता आधी सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. एरवी या यंत्रणेची दया विसरण्यापूर्वीच मिळते, नंतर नाही. विंडोजमधील बिटलॉकर ४८ अंकांची आणि मॅकमधील फाइलव्हॉल्ट २४ अक्षरांची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास वापरायची राखीव किल्ली, देऊ करते. लक्ससाठी तशी सोय सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रणालीच्या २०२१ मधील २४८व्या आवृत्तीपासून आहे. त्या कीमध्ये मुद्दाम अशीच सोळा अक्षरे पुन्हा पुन्हा वापरली आहेत की जी बहुतेक लॅटिन कीबोर्डांवर एकाच जागी असतात, हे पाहून मला त्या रचनाकारांविषयी मनापासून आदर वाटला. हेडरची जुनी प्रत जपावी, पण तिच्यात जुना पासवर्ड अजूनही चालतो, हे ध्यानात ठेवून ती कुलपात ठेवावी.

आता माझ्या डिस्कचे दोन स्लॉट भरलेले आहेत. दुसऱ्या स्लॉटची ६४ अक्षरांची की मी कागदावर छापली, लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि कागदावरून ती टाइप करून पाहिली. त्याला चार मिनिटे लागली आणि डिस्क पहिल्याच प्रयत्नात उघडली.