पिचरच्या हाती बॅट हवी का, आणि लीगचा नकाशा नव्याने आखावा का?

माझा भाचा नोकरीसाठी नाशिकहून ह्यूस्टनला आला. पहिल्याच महिन्यात त्याला स्टेडियममध्ये नेलं आणि दुसऱ्या महिन्यात तो ऑफिसातल्या बेसबॉलवाल्यांच्या भांडणात ओढला गेला. तिथला एक गट म्हणतो, डीएचने (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणाऱ्या खेळाडूने) खेळाचं वाटोळं केलं, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बॅटिंग केलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, मेजर लीग बेसबॉलमधल्या अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन लीगची भानगडच आता मिटवा, नकाशा घ्या आणि जवळजवळच्या टीम एकत्र बांधा. भाच्याचा प्रश्न सरळ होता: "मामा, मी कुणाच्या बाजूने बोलू?"

तुमच्यावरही अशी वेळ आली असेल, तर माझा हिशेब इथे मांडतो. ह्यूस्टनकरांना हे दोन्ही वाद घरचे आहेत. आमची अ‍ॅस्ट्रोज टीम २०१२पर्यंत नॅशनल लीगमध्ये होती आणि २०१३पासून अमेरिकनमध्ये आहे. नांदतं घर सोडून दुसऱ्या घरी गेल्यासारखंच ते. दोन्ही घरच्या चालीरीती पाहून झाल्या आहेत.

डीएच म्हणजे काय, तेवढं आधी

नॅशनल लीग १८७६ची, अमेरिकन १९०१ची. दोघींचा कारभार जवळजवळ शंभर वर्षं वेगळा होता, अंपायरसुद्धा आपापले. १९६८ साली पिचर इतके शिरजोर झाले की अमेरिकन लीगमध्ये बॅटिंगचा किताब ०.३०१ एवढ्या कमी सरासरीवर (शंभरात तीस हिट) मिळाला. पुढच्या वर्षी पिचरच्या पायाखालचा उंचवटा, म्हणजे माउंड, १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. तरी धावांचा दुष्काळ हटेना आणि प्रेक्षक येईनात, म्हणून १९७३ साली अमेरिकन लीगने पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा दहावा खेळाडू आणला. तोच डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच. ६ एप्रिल १९७३ रोजी बॉस्टनमध्ये न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उतरला. पण पहिल्या पाळीत त्याला बॅट फिरवावीच लागली नाही. तिन्ही बेस भरलेले असताना त्याला वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की फुकटात पहिला बेस) मिळाला आणि एक धाव आपसूक आली. ती बॅट आता कूपर्सटाउनच्या बेसबॉल म्युझियममध्ये आहे.

नॅशनल लीगने मात्र जवळजवळ पन्नास वर्षं हट्ट सोडला नाही. १९८०मध्ये तिथेही मतदान झालं. ऐन वेळी फिलाडेल्फियाचे मालक मासे पकडायला गेलेले. त्यांच्या माणसाला फोनवर ते सापडेनात, म्हणून त्याने मतच दिलं नाही आणि पिट्सबर्गवाले त्याच्या मागोमाग गप्प बसले. प्रस्ताव पडला. करोनाच्या २०२० सालापुरता डीएच दोन्हीकडे आला, २०२१ला पुन्हा गेला आणि २०२२पासून दोन्ही लीगमध्ये कायमचा झाला.

एकाच स्टेडियममधले दोन रविवार

या वादात आकडे बरेच फेकले जातात. मला मात्र आमच्याच स्टेडियममधले दोन रविवार आठवतात. तेव्हा त्याचं नाव मिनिट मेड पार्क होतं, आता डायकिन पार्क.

पहिला ९ ऑक्टोबर २००५चा, नवरात्रातला. प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध मॅच. आठव्या इनिंगपर्यंत आम्ही १-६ असे मागे. मग लान्स बर्कमनने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, म्हणजे एकदम चार धावा) मारला, नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झालेले असताना ब्रॅड ऑसमसने होम रन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट कुंपणाबाहेर) मारून बरोबरी केली आणि तिथून मॅच जी लांबली ती लांबतच गेली. नॅशनल लीगचा नियम असल्यामुळे पिचरची पाळी आली की मॅनेजरला कोंडी: चांगला पिचर काढून बॅटर पाठवायचा, की पिचरलाच उभं करायचं? बदललेला माणूस परत येत नाही. अशाने पंधराव्या इनिंगपर्यंत बेंच रिकामं. तेव्हा डगआउटमधून हातात बॅट घेऊन कोण आलं, तर आमचा पिचर रॉजर क्लेमेन्स. वय ४३, आदल्या गुरुवारीच पिचिंग केलेला. त्याने गुमान बंट करून (बॅट न फिरवता चेंडू हळूच ढकलून) रनरला पुढे सरकवलं आणि मग तीन इनिंग पिचिंगही केलं. अठराव्या इनिंगमध्ये क्रिस बर्कच्या होम रनने आम्ही ७-६ जिंकलो. पाच तास पन्नास मिनिटं. टीव्हीसमोरून मी फक्त चहा टाकायला उठलो असेन.

दुसरा रविवार १५ जून २००८चा, आणि त्या दिवशी मी स्टँडमध्ये होतो. समोर न्यूयॉर्क यांकीज. त्यांचा पिचर तैवानचा चिएन-मिंग वांग, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं १९-१९ विजय घेतलेला. मॅच आमच्या घरी, म्हणून नियम आमचा: पिचरने बॅटिंग करायची. अमेरिकन लीगच्या पिचरला ना बॅटची सवय, ना बेसवर धावायची. वांग तिसरा बेस ओलांडून होमकडे धावताना लंगडायला लागला. उजव्या पायाला दुखापत. त्या मोसमात तो पुन्हा दिसला नाही आणि पुढे परतला तरी आधीचा वांग काही राहिला नाही. आमचे लोकसुद्धा तेव्हा गप्प झाले होते.

भाच्याला म्हटलं, तुझ्या ऑफिसातल्या दोन्ही गटांचं म्हणणं या दोन दिवसांत आलं बघ.

पिचरची बॅटिंग विरुद्ध डीएच

जुन्या नियमाची खरी गंमत मॅनेजरच्या डोक्यात होती. आठव्या नंबरच्या बॅटरला मुद्दाम वॉक द्यायचा, कारण त्याच्यामागे पिचर येतोय. एकाच वेळी पिचर आणि फिल्डर बदलून पिचरची पाळी लांबवायची. त्याला डबल स्विच म्हणत. सहाव्या इनिंगमध्ये पिचर झकास टाकतोय पण धाव हवी आहे, अशा वेळी काय करायचं यावर स्टँडमध्ये अनोळखी माणसं आपसांत भांडत. डीएच आल्यावर हे सगळं गेलं. आता मॅनेजर पिचर बदलतो तो फक्त पिचिंगचा विचार करून.

पण किंमत बघा. २०२१ मध्ये, जुन्या नियमाच्या शेवटच्या वर्षी, पिचरची सरासरी ०.११० होती. म्हणजे शंभर वेळा बॅट घेऊन उभे राहिले तर हिट अकरा. दर नवव्या पाळीला प्रेक्षक हॉट डॉग आणायला उठणार. क्रिकेटमध्ये अकरावा नंबर डावात एकदाच येतो. इथे तो दोन-तीनदा येतो, आणि बाद झाला तरी डाव संपत नाही. जेकब डीग्रॉमसारखा एखादा त्याच वर्षी ०.३६४ने मारायचा, किंवा ४२ वर्षांचा गलेलठ्ठ बार्टोलो कोलोन २०१६मध्ये सॅन डिएगोत कारकिर्दीतला पहिलाच होम रन मारायचा आणि त्याच्याच डगआउटमधले खेळाडू वेडे व्हायचे. तो व्हिडिओ मी आजही उदास वाटलं की लावतो. पण एका कोलोनसाठी हजार स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) बघायचे का?

भाचा म्हणाला, "हा तर आपला इम्पॅक्ट प्लेअर!" अगदी तसं नाही. आयपीएलमध्ये २०२३पासून आलेला तो नियम मॅचच्या मध्येच माणूस बदलू देतो. डीएच पहिल्या चेंडूपासून ठरलेला असतो आणि फिल्डिंग करतच नाही. तक्रार मात्र सारखीच आहे. २०२४मध्ये रोहित शर्माने उघड सांगितलं की हा नियम त्याला पसंत नाही, कारण शिवम दुबेसारख्या अष्टपैलूंना बोलिंगच मिळत नाही. बेसबॉलने त्या तक्रारीवर एक उत्तर काढलं, तेही एका माणसासाठी. शोहेई ओतानी पिचरही आणि बॅटरही, म्हणून २०२२पासून नियम असा की पिचर स्वतःचाच डीएच होऊ शकतो आणि माउंडवरून उतरल्यावरही बॅटिंग चालू ठेवू शकतो. १७ ऑक्टोबर २०२५ला त्याने मिल्वॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये सहा इनिंग एकही धाव न देता १० स्ट्राइकआउट घेतले आणि तीन होम रन मारले. दोन्ही करणारा तयार व्हावा असं वाटत असेल, तर बाकीच्या शंभर पिचरना जबरदस्तीने उभं करण्यापेक्षा हा रस्ता बरा.

मधला एक पर्यायही आहे. अटलांटिक लीग या छोट्या लीगने २०२१मध्ये करून पाहिलं: सुरुवातीचा पिचर काढला की डीएचही गेला. मॅनेजरला पुन्हा डोकं चालवावं लागतं आणि पहिल्या पिचरला लवकर काढायची घाईही थांबते. मला विचाराल तर हाच नियम आणावा. तोवर डीएच आहे तो ठीक आहे. जपानच्या पॅसिफिक लीगमध्ये तो १९७५पासून आहे आणि इतकी वर्षं पिचरच्याच हाती बॅट देणारी त्यांची सेंट्रल लीगसुद्धा २०२७पासून तो घेणार असल्याचं जाहीर झालं आहे. ऑफिसात डीएचविरुद्ध बोलायला गेलास तर एकटा पडशील, हे भाच्याला सांगून टाकलं.

नकाशाचं भांडण

हा वाद अजून जिवंत आहे, आणि जरा जास्त गुंतागुंतीचा. सध्या ३० टीम: प्रत्येक लीगमध्ये १५, पाच-पाचच्या तीन गटांत. कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांना ३२ टीम करायच्या आहेत, आणि तेव्हा भूगोलाप्रमाणे फेरमांडणीची संधी आहे असं त्यांनी ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. चार-चारचे आठ गट ही मांडणी सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रश्न इतकाच की हे आठ गट दोन जुन्या लीगच्या आत करायचे, की लीगची भिंत पाडून.

भूगोल याआधी कुणी पाळला, म्हणाल तर फारसा नाही. १९६९मध्ये नॅशनल लीगने गट पाडले तेव्हा अटलांटा आणि सिनसिनाटी "पश्चिम" गटात, तर त्यांच्याहून पश्चिमेचे शिकागो आणि सेंट लुइस "पूर्व" गटात! १९९८मध्ये मिल्वॉकीला अमेरिकनमधून नॅशनलमध्ये हलवलं. आणि २०११मध्ये अ‍ॅस्ट्रोज विकली गेली तेव्हा नव्या मालकाला अट घातली की लीग बदलावी लागेल. बदल्यात किंमत ७ कोटी डॉलरने कमी झाली. आमचं मत कुणी विचारलं नाही.

बदलून काय झालं ते अनुभवाने सांगतो. आधी आमच्या गटात सेंट लुइस, शिकागो, सिनसिनाटी. मॅच वेळेवर सुरू, वेळेवर झोप. पश्चिम गटात गेलो आणि सिएटल, अनाहाइम, ओकलंड वाट्याला आले. तिकडचे सात म्हणजे आमचे नऊ. उद्या कामावर जायचंय आणि मॅच पाचव्या इनिंगमध्ये. वर्षाला अशा वीसेक रात्री आजही येतात. सिएटलचे खेळाडू तर सगळ्यात जास्त विमानप्रवास करणाऱ्यांत असतात. भिंत पाडून जवळचे गट केले तर हे सगळं सुटेल. (पुण्यात बसून बघणाऱ्याचं उलटं आहे: न्यूयॉर्कची संध्याकाळची मॅच पहाटे साडेचारला, लॉस एंजेलिसची साडेसातला, चहाबरोबर. त्याने फेरमांडणीविरुद्ध मत द्यावं.)

मग विरोध कशासाठी? परंपरा, असं लोक म्हणतात. २०१३मध्ये मीही म्हणत होतो. अमेरिकन लीगमधल्या पहिल्याच मॅचमध्ये आम्ही टेक्सास रेंजर्सना ८-२ असं हरवलं आणि नंतर वर्षभरात १११ मॅच हरलो. सेंट लुइसशी जुनं वैर तुटलं याचं वाईट वाटायचं. पण २०१७, २०१९ आणि २०२२मध्ये प्लेऑफमध्ये यांकीजना हरवलं, आणि आज माझ्या शेजारच्या पोरांना विचाराल तर यांकीजशी वैर जन्मापासूनचं आहे. वैर नकाशावर उगवत नाही, ऑक्टोबरमध्ये उगवतं. त्यामुळे परंपरेचा मुद्दा मला आता तितका पटत नाही. आणि २०२३पासून तर प्रत्येक टीम वर्षात प्रत्येक टीमशी खेळते. नियम एक, सामने सगळ्यांशी. दोन लीगमध्ये फरक उरलाय तो नावापुरता.

अडतं ते न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये. भिंत पाडली की यांकीज आणि मेट्स एकाच गटात, आणि २००० साली झाली तशी दोन्ही न्यूयॉर्कच्या टीममधली वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत) पुन्हा होणे नाही. आज या दोघांची मॅच वर्षात मोजक्या वेळा होते म्हणून सबवे भरून जातात. तेरा वेळा झाली की मंगळवारची एक मॅच म्हणून उरेल. या तीन शहरांतल्या माणसाने विरोध करावा, त्याला कारण आहे. ह्यूस्टन किंवा सिएटलवाल्याने पाठिंबा द्यावा, त्यालाही आहे. माझं मत विचाराल तर लीग दोन राहू द्याव्यात, आतले गट मात्र बिनधास्त भूगोलाने पाडावेत, आणि एखाद-दुसरी टीम इकडून तिकडे न्यावी लागली तर न्यावी. आम्ही गेलो, काही मेलो नाही.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे डीएचला हो, भिंत पाडायला नाही. पण मामा, २००५मध्ये डीएच असता तर क्लेमेन्स बॅट घेऊन आला असता का?"

नसता आला.