टार्गेटसीएलआय: काम चोख, पण नावाला भारी कडक

मासळीचं कोल्ड स्टोरेज, काजूचा कारखाना, आंबा एक्स्पोर्टचं ऑफिस. रत्नागिरी-मालवण पट्ट्यातल्या अशा ठिकाणी टॅलीचा डेटा आणि बॅकअप एका लिनक्स मशीनवर ठेवायचा, तर टार्गेटसीएलआय उत्तम. लिनक्स मशीनवरची डिस्क आयस्कझी पद्धतीने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या पीसींना त्यांचीच असल्यासारखी वापरायला द्यायचं हे टूल. लायसन्सचा खर्च नाही, आणि खालची यंत्रणा २०११ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. स्पीडची तक्रार नाही.

डोकेदुखी एकच, इनिशिएटरचं, म्हणजे डिस्क मागणाऱ्या पीसीचं नाव. एसीएलमध्ये (कोणाला आत सोडायचं त्या नोंदीत) लिहिलेलं आयक्यूएन, म्हणजे हेच नाव, आणि पीसीने पाठवलेलं आयक्यूएन तंतोतंत जुळलं नाही, तर लॉगिन नाही. लिनक्स क्लायंटवर एरर २४ येतो आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात. त्याआधी सर्व्हरवर डीमेसेज (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा. 'नॉट ऑथोराइज्ड'च्या ओळीत पीसीने पाठवलेलं नाव जसंच्या तसं असतं. तेच कॉपी करून एसीएल बनवा, हाताने टाइप करू नका. नावात स्मॉल अक्षरं, आकडे, डॅश, डॉट आणि कोलन एवढंच चालतं. अंडरस्कोर नाही.

विंडोजचं डीफॉल्ट नाव 'आयक्यूएन.१९९१-०५.कॉम.मायक्रोसॉफ्ट:' आणि पुढे कॉम्प्युटरचं नाव असं असतं. त्यामुळे कोणी पीसीचं नाव बदललं किंवा तो डोमेनला जोडला, की कालपर्यंत दिसणारी डिस्क गायब. नवा एसीएल करताना चॅपचं (लॉगिनवेळच्या पासवर्ड-तपासणीचं) युजरनेम-पासवर्ड पुन्हा भरा. ते एसीएलखालीच असतात, जुन्याबरोबर पुसले जातात. विंडोजला सीक्रेट (चॅपचा पासवर्ड) १२ ते १६ अक्षरांचंच लागतं.

खरा घात क्लोनिंगमध्ये. हंगामाच्या तोंडावर एका मशीनची इमेज दुसऱ्यावर टाकली की दोघांचं आयक्यूएन एकच. एक लॉगिन झाला की सर्व्हर दुसऱ्याचं जुनं सेशन तोडतो, दुसरा परत येतो, पहिला बाहेर. डिस्क सारखी ये-जा करते. दोघं एकाच वेळी आत राहिले तर त्याहून वाईट, कारण एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) दोघांच्या लिखाणासाठी बनलेलीच नाही आणि डेटाची वाट लागते. क्लोन लिनक्स असेल तर आयस्कझी-आयनेम कमांडने नवं नाव काढा, इनिशिएटरनेम फाइलमध्ये टाका, सेशन लॉगआउट करून आयस्कझीडी सर्व्हिस रीस्टार्ट करा. विंडोजला कॉम्प्युटरचं नाव बदललं तरी पुरतं.

या कटकटीवर 'जनरेट नोड एसीएल्स' (एसीएल आपोआप बनवणारं सेटिंग) चालू करून सगळ्यांना आत सोडायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. नाव कोणीही कोणाचंही लावू शकतो, म्हणून चॅप हवंच.

आणि आपल्याकडची गोष्ट: लाइट. टार्गेटसीएलआयचं शेल उघडं असताना लाइट गेली तर सेव्ह न केलेले बदल जातात, तेव्हा प्रत्येक बदलानंतर सेव्हकॉन्फिग कमांड मारा. बूटला सेटिंग परत चढवणारी सर्व्हिसही एनेबल करा. रेडहॅट घराण्यात तिचं नाव नुसतं 'टार्गेट'. ती बंद राहिली तर पावसाळ्यात लाइट आल्यावर मशीन सुरू होतं, पण टार्गेट (सर्व्हरने पीसींसाठी पुढे केलेली डिस्क) एकही नसतो.

पाचपैकी चार. एक गुण एरर मेसेजच्या आखडूपणाबद्दल कापला.