हाताने फिरवायचा ब्लोअर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या छोट्या लोहारकामाच्या भट्टीत वारा घालण्यासाठी हाताने फिरवायचा ब्लोअर घ्यावा की विजेवरचा, या प्रश्नात मी मागच्या आषाढात बरेच दिवस अडकलो होतो. जवळजवळ प्रत्येक रविवारी वापरून आता नऊ महिने झाले आहेत आणि माझे मत हाताच्या ब्लोअरच्या बाजूने पक्के झाले आहे. विजेचा पंखा आपण ऐरणीवर काम करत असतानाही वारा घालत राहतो, त्यामुळे भट्टीत ठेवलेला दुसरा तुकडा पांढरा पडून ठिणग्या सोडू लागतो. असे जळालेले पोलाद पुन्हा नीट होत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. हाताच्या ब्लोअरची मूठ सोडली की वारा थांबतो आणि लोणारी कोळसाही पुष्कळ वाचतो.

दोष सांगायलाच हवेत. दुसऱ्याच महिन्यात मुठीचा स्क्रू ढिला झाला, आणि दातेचक्रे करकरू लागली तेव्हा पेटी उघडल्यावर आत ग्रीस जवळजवळ नव्हतेच असे दिसले. ग्रीस भरल्यापासून तक्रार नाही, तरी नवा ब्लोअर घेणाऱ्याने तो वापरण्याआधीच उघडून पाहावा.

सर्वांत मोलाची सूचना आमच्या भट्टीवर सोबत काम करणाऱ्या एका वयस्कर लोहारकाकांनी दिली. दगडी कोळसा पेटलेला असताना वारा पूर्ण थांबवून ठेवला, तर कोळशातून निघणारा वायू नळीतून ब्लोअरमध्ये शिरतो आणि पुन्हा मूठ फिरवताच आतल्या आत भडका उडू शकतो. म्हणून थांबायचे असेल तेव्हा भट्टीखालचे राखेचे झाकण उघडे ठेवावे आणि पुन्हा सुरू करताना पहिले दोन-चार फेरे हळू द्यावेत. ब्लोअरसोबत आलेल्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता.

या भट्टीवर आम्ही सहा जण मिळून काम करतो, आणि हाताच्या ब्लोअरमुळे एकाला वारा घालावाच लागतो, ही गोष्ट मला अडचणीपेक्षा सोय वाटते, कारण मूठ फिरवणारा निखाऱ्याकडे पाहत राहतो आणि रंग ओळखायला शिकतो. भट्टीतले तापलेले लोखंड भर उन्हात असते त्यापेक्षा काळपट दिसते आणि हमखास जास्त तापवले जाते, म्हणून भट्टी आता सावलीत हलवली आहे. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) केलेले माझे पहिले खुरपे मी पाण्यात बुडवले आणि ते टिचले. तेव्हा ब्लोअर फिरवणाऱ्या मित्रानेच सांगितले की अशा पोलादाला ‘पाणी’ तेलात द्यावे, म्हणजे तापवून ते पाण्याऐवजी तेलात बुडवून कडक करावे. पुढच्या खेपेला लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, त्याहून किंचित अधिक उष्णता देऊन ते कोमट केलेल्या तेलात बुडवले आणि नंतर ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर दोनदा ठेवले. ते खुरपे आजही आईच्या हातात आहे.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळी मात्र भट्टीत कधीही घालू नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. एकट्याने काम करणाऱ्याला वारा आणि सांडशी दोन्ही सांभाळणे जड जाते, तरीही नवशिक्यांना मी हाच ब्लोअर सुचवेन. आमच्यातील एकाने गेल्याच आठवड्यात तो घेतला असून येत्या रविवारी आम्ही त्याची पेटी उघडून ग्रीस भरणार आहोत.