क्रिपल क्रीक : भिंती 1896 च्या, आत कॅसिनो

साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कोलोरॅडोतील क्रिपल क्रीकला दोन दिवस राहून आलो. एकेकाळचे हे सोन्याच्या खाणींचे गाव आज कॅसिनोंसाठी ओळखले जाते. जुगारात अजिबात रस नसलेल्या कुटुंबाने तिथे जावे का, असे ओळखीच्या अनेकांनी विचारल्यामुळे सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते जरूर जावे. मात्र कॅसिनोंच्या जाहिराती पाहून नव्हे, तर संग्रहालय, छोटी रेल्वे आणि शेजारचे व्हिक्टर गाव यांसाठी पुरेसा वेळ राखून जावे.

कोलोरॅडो स्प्रिंग्जहून हा साधारण 70 किलोमीटरचा, तासाभराचा रस्ता आहे. गावाची उंची 9,494 फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही बाराशे मीटरने अधिक आहे, आणि ही गोष्ट ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी. बेनेट ॲव्हेन्यू या मुख्य रस्त्यावरून वरच्या गल्लीत चढताना बाबांना चांगलाच दम लागला आणि आम्हाला ती संध्याकाळ खोलीतच काढावी लागली. पहिल्या दिवशी भरपूर पाणी पिणे आणि फिरणे टाळणे हेच योग्य.

या गावाची गोष्ट समजून घ्यायची असेल तर मिडलँड टर्मिनल रेल्वेच्या जुन्या स्थानकातील संग्रहालयापासून सुरुवात करावी. येथले सोने पिवळे दिसत नाही, हे मला तिथे प्रथमच कळले. टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेले ते सोने फिकट, करड्या रंगाच्या खनिजात दडलेले असते, त्यामुळे ते बराच काळ कोणाच्या लक्षात आले नव्हते. असे खनिज भट्टीत तापवले की टेल्युरियम उडून जाते आणि दगडाच्या अंगावर घामाच्या थेंबांसारखे सोन्याचे बारीक मणी उमटतात, असे तेथील कर्मचाऱ्याने इतक्या आपुलकीने समजावले की आई काचेला जवळजवळ नाक लावून तो नमुना न्याहाळत राहिली. आयुष्यभर सराफाकडे कसोटीचा दगडच पाहिलेल्या तिला ही परीक्षा अगदीच निराळी वाटली.

1890 साली बॉब वॉमॅक या गुराख्याला इथे सोने सापडले, परंतु त्याने आपला हक्क कवडीमोलाने विकला आणि 1909 मध्ये तो गरिबीतच वारला. उलट विन्फील्ड स्ट्रॅटन या सुताराने 4 जुलै 1891 रोजी 'इंडिपेंडन्स' खाणीची जागा आखली आणि तो कोट्यधीश झाला. 1900 च्या जनगणनेत गावाची वस्ती दहा हजारांवर गेली होती; आज ती जेमतेम हजार-बाराशे आहे. एप्रिल 1896 मध्ये चार दिवसांच्या अंतराने लागलेल्या दोन आगींत लाकडी गाव बेचिराख झाले, आणि त्यानंतर विटांनी बांधलेल्या इमारतींची रांग आजही बेनेट ॲव्हेन्यूवर उभी आहे.

ती उभी राहिली याचे बरेचसे श्रेय, मला मनापासून पटत नसले तरी, जुगाराला द्यावे लागते. सोन्याचे उत्पन्न घटल्यावर गाव ओस पडत चालले होते. 1990 च्या राज्यव्यापी मतदानानंतर 1 ऑक्टोबर 1991 पासून क्रिपल क्रीक, सेंट्रल सिटी आणि ब्लॅक हॉक या तीन जुन्या खाणगावांना कॅसिनोंची परवानगी मिळाली. सुरुवातीला एका डावाला कमाल 5 डॉलरची मर्यादा होती. 2009 मध्ये ती 100 डॉलर झाली आणि 2021 मध्ये उठली. मूळ तरतुदीनुसार कॅसिनोंकडून मिळणाऱ्या कराच्या रकमेतील 28 टक्के वाटा ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी राखलेला आहे, ही तरतूद आपल्याकडेही अभ्यासण्याजोगी आहे. मांडवीवरच्या कॅसिनो-जहाजांबद्दल गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहेत, तेव्हा हा मुद्दा तिथल्या वाचकांना अधिक भिडेल.

मात्र आत शिरल्यावर मन खट्टू होते. बाहेर कोरीव विटांच्या कमानी आणि उंच खिडक्या दिसतात, तर आत जाड गालिचे, खिडक्यांवर पडदे आणि ओळीने लुकलुकणारी स्लॉट मशिने असतात. दोन-तीन इमारतींच्या मधल्या भिंती काढून एकच दालन केलेले असल्याने आपण नेमके कोणत्या जुन्या दुकानात उभे आहोत हेही कळत नाही. 21 वर्षांखालील मुलांना जुगाराच्या दालनात थांबता येत नाही, हे मुलांसह जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शाकाहारी जेवणाचेही हाल आहेत. एका उपाहारगृहात मांस नको असे दोनदा सांगूनही आईच्या घेवड्याच्या उसळीसारख्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. तिने काही न बोलता ताट बाजूला सारले आणि रात्री खोलीवर दशम्या खाल्ल्या. सोबत कोरडा खाऊ अवश्य न्यावा.

संग्रहालयाजवळून सुटणाऱ्या वाफेच्या अरुंद रेल्वेने या सगळ्याची भरपाई केली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती जाऊन-येऊन 4 मैल, साधारण पाऊण तास चालते आणि ॲनाकॉन्डा या उजाड झालेल्या खाणवस्तीपर्यंत जाते. इंजिनाचा धूर अंगावर येतो, म्हणून आम्ही मागच्या डब्यात बसलो. गाडी मेअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच चालते. गावात मोकळी फिरणारी गाढवे खाणीत राबलेल्या गाढवांची वंशज मानली जातात. त्यांतील एकाने आमच्या मोटारीच्या खिडकीशी येऊन बाबांच्या बाहीचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिक्टरला गेलो. तिथे कॅसिनो नाहीत, आणि म्हणूनच कदाचित ते मला अधिक आवडले. व्हिंडिकेटर व्हॅलीच्या पायवाटेवर खाणींच्या विहिरीसारख्या तोंडांवर उभे असलेले मनोरे दिसतात. त्यांवरून दोर सोडून माणसांचे पाळणे खाली उतरवले जात. त्याच परिसरात 1894 मध्ये खाणकामगारांनी आठ तासांचा दिवस आणि 3 डॉलर मजुरी यांसाठी संप करून तो जिंकला होता. गिरणी कामगारांच्या संपाचे दिवस पाहिलेले बाबा तिथल्या प्रत्येक फलकासमोर थांबत होते, आणि उंचीमुळे सावकाश चालावे लागले याची त्यांना मुळीच खंत नव्हती.