गृहप्रवेशासाठी फ्री गिफ्ट रजिस्ट्री, मला आवडली ती ही
नवीन घरासाठी फुकटातली, सोपी गिफ्ट रजिस्ट्री (म्हणजे आपल्याला हव्या त्या भेटवस्तूंची पाहुण्यांना पाठवायची ऑनलाइन यादी) हवी होती, दोन-तीन बघितल्या आणि मायरजिस्ट्री ही साइट ठेवली. ब्राउझरमध्ये तिचं बटण टाकलं की कुठल्याही दुकानाच्या साइटवरची वस्तू लिस्टमध्ये घेता येते, पडदे एकीकडचे नि कुकर दुसरीकडचा असं मस्त चालतं, आणि कुणी घेतलेली वस्तू घेतली म्हणून दिसते त्यामुळे तीन तीन भिंतीवरची घड्याळं येत नाहीत.

अ‍ॅमेझॉनची विशलिस्ट पण चांगलीये, फक्त लिंक पाठवायच्या आधी सेटिंग बघा हं, प्रायव्हेट असेल तर दुसऱ्या कुणाला दिसतच नाही, शेअर्ड केली तर लिंकवाल्यांना दिसते आणि पब्लिक केली की कुणालाही. वस्तू पोचवायचा पत्ता नव्या घराचाच आहे ना तेही बघा.

एक साइट मात्र सोडूनच दिली, पाहुण्यांना आधी अकाउंट काढायला लावते, काकूंना कशाला त्या पासवर्डच्या भानगडीत पाडायचं!

पाहुणे मोजकेच असतील तर साधी गूगल शीट पण पुरते, ज्याने त्याने वस्तूपुढे नाव टाकायचं, पण मग कोण काय देणार ते आधीच कळतं, मला ते नाही आवडत. आणि प्लीज लिस्टमध्ये स्वस्तातल्या वस्तू भरपूर ठेवा, पायपुसणी, डबे, हँगर, काहीही, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.